नव्या नाकापासून एक्सोसोमपर्यंत

चेहऱ्याचा गेलेला भाग पुन्हा घडवण्याच्या महाराष्ट्रातील विद्येची सर्वांत तपशीलवार जुनी नोंद पुण्याजवळची आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभराने विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तांत चित्रासह छापला, त्यात कारागिराचे नाव नाही, ही मोठी खंत आहे.

त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट ठेवून रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी मात्र कापली नाही. तिच्यातून रक्त येत राहिले, म्हणूनच खाली वळवलेली कातडी जगली. वर काताच्या लेपाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. डोळ्यांमधली ती कातडीची पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी तोडली जाई. हा वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

रक्तपुरवठ्याचे ते सूत्र आजही सुटलेले नाही. एखाद्या रुग्णाचा जबडा कर्करोगामुळे काढावा लागला, तर पायाचे हाड रक्तवाहिन्यांसह काढून तिथे जोडतात. त्यासाठी धडधाकट पाय चिरावा लागतो.

ही चिरफाड टाळण्याची आशा एक्सोसोमने दाखवली. पेशींतून बाहेर पडणाऱ्या या सूक्ष्म पिशव्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात. त्या १९८३ मध्ये आढळल्या, तेव्हा तो पेशींचा केरकचरा समजला गेला. त्यांतून आरएनएचे संदेश एका पेशीतून दुसरीत जातात, हे २००७ मध्ये दिसले. दरम्यान, २००० मध्ये दातांच्या गरात मूलपेशी सापडल्या होत्या. मूलपेशींऐवजी त्यांचे एक्सोसोमच जखमेत सोडले, तर तिथल्या पेशी स्वतः दुरुस्तीला लागतात, असा विचार पुढे आला. कोलॅजनच्या स्पंजात भरलेल्या एक्सोसोममुळे उंदरांच्या दातांभोवतालचे हाड भरून आले आहे.

माणसाचा जबडा भरून काढण्याचा प्रमाणित उपचार मात्र अजून यातून झालेला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने मान्यता नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांविरुद्ध जाहीर इशारा दिला. असा उपचार कोणी विकू लागले, तर रुग्णाने आधी मान्यतेचा कागद मागावा.