पोळे, पेटी आणि गोदाकाठचा उन्हाळा

चैत्र सरत आला की गंगाखेडच्या रस्त्यांवर कडुनिंबाच्या फुलांचा बारीक पांढरा सडा पडतो. वाचकहो, अशा वेळी एखाद्या निंबाखाली क्षणभर उभे राहा आणि वर कान द्या. सारे झाड गुणगुणत असते. पानांपासून सालीपर्यंत कडू असलेल्या झाडाच्या फुलांतून माशांनी गोड मध गोळा करावा, ही मोठी गंमतच म्हणायची! पण त्या माशांना माणसाने परसदारी कसे आणले, आणि आणल्यावर आपल्या गोदाकाठी त्यांचा उन्हाळा कसा निघावा, ही गोष्ट निव्वळ गमतीची नाही. तिला इतिहास आहे.

मध काढण्याची विद्या फार जुनी. मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरातील शैलचित्रांत मध उतरविणारी माणसे रंगविलेली आहेत. त्यांची रीत आणि आपल्याकडे आग्या मोहोळ झाडणाऱ्यांची रीत यांत फारसा फरक नाही. अंधार पडू द्यायचा, धूर करायचा, पलिते लावायचे, पोळे कापायचे आणि पिळायचे. त्या पिळण्यात मधाबरोबर अंडी जात, अळ्या जात. हजारो माशा पलित्यावर जळत त्या वेगळ्याच. जैन आचारात मध वर्ज्य का मानला गेला, हे एकदा असे मोहोळ उतरताना पाहिले म्हणजे निराळे सांगावे लागत नाही.

ही हिंसा थांबली ती एका लहानशा मोकळ्या जागेमुळे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने १८५१ साली एक गोष्ट हेरली. दोन पोळ्यांमध्ये, किंवा पोळे आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये, सुमारे तीन अष्टमांश इंच फट ठेवली, तर माशी ती फट तशीच मोकळी ठेवते. फट कमी असली तर डिंकासारख्या पदार्थाने बुजविते, जास्त असली तर तिथे नवे पोळे बांधते. झाले! लाकडी चौकटीत पोळे बांधून घ्यायचे, चौकट उचलायची, मध काढायचा आणि चौकट परत ठेवायची. १८६५ साली मध गरगर फिरवून काढण्याचे यंत्र निघाले, तेव्हा पोळे मोडण्याचेही कारण उरले नाही. आपल्याकडची सातेरी माशी विलायती माशीहून लहान. तिला बेताची पेटी हवी. ती विसाव्या शतकाच्या आरंभी त्रिचनापल्लीच्या फादर न्यूटन यांनी तयार केली, आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. आग्याला मात्र पेटी मानवत नाही. तिचे पोळे एकच आणि उघड्यावरचे; सातेरी अंधाऱ्या ढोलीत अनेक पोळी शेजारी शेजारी बांधते, म्हणून तिला पेटी म्हणजे दुसरी ढोलीच वाटते.

१९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि गांधीजींच्या ग्रामोद्योगांत मधमाशीपालन आले. १९४६ साली महाबळेश्वरला मुंबई सरकारचे काम सुरू झाले, १९६२ साली पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली, आणि २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. हा सारा प्रवाह सह्याद्रीच्या कुशीतून वाहिला, हे ध्यानात घ्या. १९४६ साली आपले गंगाखेड होते निजामाच्या राज्यात. मुंबईचा हुकूम इथे चालत नव्हता. १९४८ साली आपण निजामाच्या अमलातून सुटलो, १९५६ साली मुंबई राज्यात आलो. तोवर पेटीचे बिऱ्हाड घाटमाथ्यावर चांगले रुळलेले होते.

पण उशिराचे एवढे दुःख नाही. खरी अडचण पंचांगाची आहे! महाबळेश्वराकडे उन्हाळा म्हणजे मधाची सुगी. जांभूळ फुलते, पाठोपाठ हिरडा फुलतो, आणि पावसाला तोंड लागण्यापूर्वी मध काढून घ्यायचा. आपल्याकडे सुगी आधी येते. पौष-माघात करडई, मग आंबा, चैत्रात निंब आणि करंज. आणि वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर गेला की चिंचेसारखे एखादे झाड सोडले तर रानात फूल दिसत नाही. घाटावर शिकलेला मनुष्य वैशाखात इथे चौकटी रिकाम्या करील, तर माशांच्या तोंडचा घासच काढील. सातेरी मानी असते, बरं का! अन्न आटले, पाणी आटले, पेटीत मेणकिडा शिरला, की एके दिवशी सगळा संसार सोडून ती उडून जाते. मागे राहते ती रिकामी पेटी, आणि 'आमच्याकडे माशी टिकत नाही' ही तक्रार.

माशी आपल्या पिल्लांचा कोठा ३४-३५ अंशांवर राखते. बाहेर भट्टी पेटलेली असता हे कसे साधते? ती पाणी आणते, पोळ्यावर पसरते आणि पंखांनी वारा घालते. आपल्या माठाचीच ही युक्ती. म्हणून परसातली पेटी दाट सावलीत हवी, दुपारचे ऊन तिच्यावर येता कामा नये, आणि वर ओले गोणपाट असले तर फारच बरे. जवळ पसरट भांड्यात पाणी ठेवून त्यात खडे टाकावेत, नाहीतर माशा बुडतात. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांचा उपद्रवही टळतो.

गेल्या काही दशकांत मात्र मराठवाड्याच्या शेतांतून करडई हटली आणि सोयाबीन आले. सोयाबीनच्या फुलाचे परागण बव्हंशी आपले आपणच होते. ते माशीची वाट पाहत नाही. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याने बाजार पाहिला. पण माशीची पौष-माघातली पंगत त्यामुळे उठली. तेव्हा पेटी आणण्याआधी करडईचा हिशेब सोडून द्या आणि आपल्या घरापासून अर्ध्या कोसात निंब किती, करंज किती, बांधावर बाभळी किती उरल्या, ते मोजून या. झाडे पुरेशी असली, तर चैत्रात वरच्या मधुकोठ्यातल्या मेणाने बंद झालेल्या चौकटींपैकी निम्म्याच काढा. खालच्या कोठ्यातला मध पाऊस पडून बाभूळ फुलेपर्यंत माशांचाच.