माती थापायला टेबल कुठलं?

सुट्ट्या लागल्या की नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच. "मुलांना मातीकाम करायचंय, टेबल कुठलं घेऊ?" आम्ही पडलो वर्ध्याचे. त्यामुळे हा प्रश्न ऐकला की माझं मन आधी सेवाग्रामला जाऊन येतं.

गांधीजी 1936 साली शेगावला राहायला आले. 1940 मध्ये त्याच गावाचं सेवाग्राम झालं. तिथल्या बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीनेच उठावाची चित्रं काढली आहेत. झाडं आहेत, चरखा आहे. म्हणजे बघा, तिथे कामाचा पृष्ठभाग म्हणजे चक्क भिंत! मातीच्या ओल्या भिंतीला ओली माती धरून बसते. आपल्याला मात्र नेमकं उलटं हवं असतं. थापलेली माती शेवटी सुटून हातात आली पाहिजे.

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी 'नई तालीम' पुढे आली. 1944 मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. पुढे ते मोठे कुंभकार म्हणून ओळखले गेले. हाताने काम करणं हेच शिक्षण, ही त्या शाळेची धारणा. आधी सामान जमवा, मग शिका, असा तो क्रम नव्हता.

आता टेबलाचं. काच, सनमायका, गुळगुळीत ग्रॅनाइट यांना पाणी शोषता येत नाही, म्हणून माती चिकटते. पॉलिश न केलेलं लाकूड थोडं पाणी ओढून घेतं आणि माती अलगद सुटते. प्लास्टर ऑफ पॅरिसची लादी तर भराभर शोषते, पण तिचा कपचा मातीत गेला तर भाजलेल्या भांड्याचा पापुद्रा नंतर उडतो. आपले कुंभार मडकं थापताना राख लावतात, तेही माती चिकटू नये म्हणूनच.

तेव्हा माझं मत सांगतो. घरातला जुना, रंग न दिलेला पाट घ्या. त्यावर धोतराचं जुनं पान ताणून बांधा. गोणपाटही चालेल, फक्त त्याची वीण मातीवर उमटते (काहींना ती आवडतेही). गुडघे दुखत असतील तर पाट टेबलावर ठेवा. काम झालं की वाळलेली माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुप्फुसांना वाईट.

टेबल शोधता शोधता सुट्टी संपते हो, आणि मुलांचा हात मातीला लागायचा राहून जातो. पाट माळ्यावर असेलच, आजच खाली काढा.

तुमच्याकडे गणपतीची शाडू कशावर मळतात? जरूर कळवा.