कुरणशाळा: पाटी गुरांमागे गेली तेव्हा

आजचा विषय आहे ‘लहान मुलांना झाडं, प्राणी आणि परिसर कसा शिकवावा’. यातल्या ‘कसा’चं उत्तर इथे बसलेल्या बालवाडीच्या ताई आमच्यापेक्षा चांगलं देतील. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आमची खोड निराळी. आम्ही आधी विचारणार, की यात शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण? हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा फार रोखठोक उभा राहिला, डहाणू तालुक्यातल्या एका टेकडीवर. तिथे जायचंच आहे, पण वाटेत जरा युरोपात डोकावू.

रूसोचा ‘एमिल’ १७६२ सालचा. त्यात छोटा एमिल जमिनीच्या तुकड्यात शेंगेचं बी लावतो, रोज पाणी घालतो, कोंब पाहून हरखतो. एके दिवशी येऊन पाहतो तो सगळी रोपं उपटलेली! कारण त्या जागेत माळ्याने आधीच खरबुजं लावली होती. म्हणजे बघा, मुलगा निसर्ग शिकायला गेला आणि शिकून आला मालकी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. नंतर जर्मनीत फ्रोबेल आला. त्याने १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. मुलांना वाफे दिले, आणि मूल हेच रोप, शिक्षक हा माळी, ही उपमा रूढ केली. उपमा गोड आहे. पण रोपाला काही ठाऊक नसतं, माळ्यालाच सगळं कळतं, हे त्या उपमेत गृहीत धरलेलं आहे.

आता आपल्याकडे येऊ. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. माँटेसरीबाईंचं तत्त्व दोघांनाही पटलेलं, फक्त तिची घोटीव लाकडी साधनं गरिबाला झेपणारी नव्हती. ताराबाईंना ही बोच होतीच. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालपणीच वैधव्य आलेलं, पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेली, वय पस्तीस.

बोर्डी समुद्रकाठचं गाव. तिथे शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं. पण खालच्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा आला, बरं का. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यामुळे तो घरोघरी पोचला. अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी वाटेत गळालं आणि भाड्याची खोली राहिली.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथली मुलं वारली. पाच-सहा वर्षांचं मूल गुरं राखायला जायचं. त्याला शाळेत बसवलं तर गुरं कोण राखणार? मग या दोघींनी गुरं चरतात तिथेच शाळा नेली. कुरणशाळा. गुरं चरताहेत, झाडाखाली मुलं, आणि शिक्षिका आपलं सामान घेऊन त्यांच्यात.

इथे फ्रोबेलची उपमा मोडली. कुरणातलं मूल रोप नव्हतं, ते रोपं ओळखणारं होतं. त्या भागात पहिल्या पावसाबरोबर शेवळं उगवतात. ती नुसती खाल्ली तर घसा खाजतो, म्हणून भाजीत काकडं घालावी लागतात. कुठली भाजी कधी उगवते, कुणाला खाज, कशाने ती मरते: पाऊस, माती, वनस्पती आणि माणसाचा घसा यांचा संबंध या एका भाजीत आहे. आजचे तज्ज्ञ याला परिसंस्था म्हणतील. वारली पोराला तो संबंध आईच्या चुलीपाशी मिळालेला. शिक्षिकेकडे होतं काय? अक्षर, अंक, स्वच्छता, गोष्ट. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती.

मात्र आम्हाला याचं नुसतं कौतुक करायचं नाही. कुरणशाळेने मुलाचं राबणं थांबवलं नाही, ते धरून चालली. कुणी म्हणेल ही तडजोड. होतीच. पण ‘आधी गुरं सोड, मग ये’ म्हणणाऱ्या शाळेत ते मूल आलंच नसतं.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली, त्याच पट्ट्यात गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध संघटित करत होत्या. त्या मुलांचे आईबाप जमीनदाराच्या शेतात फुकट राबत होते, आणि जंगल १८७८ च्या कायद्यापासून सरकारच्या ताब्यात जात राहिलेलं. एमिलची खरबुजं आठवा! वारली मुलाला प्रत्येक झाडाचं नाव ठाऊक, पण झाड कुणाचं, तर सरकारचं. शेत कुणाचं, तर सावकाराचं. एक बाई मुलांपाशी बसली, दुसरी बापांपाशी. इतिहासकार दोघींना वेगवेगळ्या प्रकरणांत टाकतात. आमच्या मते हे एकच प्रकरण आहे.

पुढे ‘परिसर’ हा विषय झाला. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने प्राथमिक वर्गांसाठी परिसर अभ्यास सुचवला, १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं केलं. चांगलंच झालं. फक्त पुस्तकातल्या परिसरात मूल पाहुणं असतं: ‘पाच झाडांची नावे लिहा.’ आपल्या शहरातलं मूल सलीम अली सरोवरावर सहलीला जातं, पक्षी मोजतं, डबा खातं, परत येतं. जावंच. पण ते तिथलं नसतं.

आणि जे तिथलं असतं, त्याचं काय? लांब जायला नको. आपल्या मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुलं कोपीत राहतात, धाकट्याला सांभाळतात, बैलांना वाढं टाकतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, म्हणजे फडाजवळची शाळा, कुरणशाळेचीच बहीण. तिथे शाळा मुलापर्यंत गेली, हे मोठंच काम. पण बैलाला किती वाढं लागतं, फडात साप कुठे निघतो, उसाच्या पाण्यापायी कुठली विहीर आटली, हे त्या पोराला बाई विचारतात का? ते त्याच्या वहीत उतरतं का? साखरशाळेत शिकवलेल्या कुणी ताई किंवा सर सभागृहात असतील, तर प्रश्नोत्तरांत आधी त्यांनी बोलावं. आम्ही ऐकायला बसतो.