जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड : अस्सल कोणता, नक्कल कोणती?

खास प्रतिनिधी

आष्टी (जि. जालना) : जुनी मोटार घ्यायला गेलेला माणूस रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर चाचपतो. डॅशबोर्डकडे मात्र तो ओझरती नजर टाकतो आणि किलोमीटरचा आकडा वाचून पुढे सरकतो. वास्तविक गाडीचा खरा इतिहास इंजिनाइतकाच डॅशबोर्डमध्ये दडलेला असतो. परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावांत आजोबांच्या काळातील जीप किंवा फियाट पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल, तर शहरातील शौकिनांना आज तिचे मोल वाटू लागले आहे. ‘सगळे कंपनी फिटिंग आहे, एक स्क्रूसुद्धा उघडलेला नाही’, या एका वाक्यावर किंमत दुप्पट सांगितली जाते. ते वाक्य खरे की खोटे, हे घेणाऱ्याला ठरवता आले पाहिजे. गाडी विकणाऱ्या कुटुंबालाही आपल्या दारातील वस्तूचे खरे मोल कळले पाहिजे, नाहीतर अस्सल ऐवज भंगाराच्या भावाने जातो.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ती लागू होते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातील मुख्य अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये व फेरनोंदणीचे पाच हजार रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. अशा गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. तिचा रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी उपयोग करता येत नाही.

या व्याख्येत डॅशबोर्डचा वेगळा उल्लेख नाही. म्हणजे एखादा मीटर बदलला म्हणून गाडी आपोआप बाद ठरत नाही. परंतु गाडीवर हात कितपत फिरला आहे, याचा पहिला सुगावा डॅशबोर्डच देतो.

कुर्ल्याचा वारसा

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाचे मूळ मुंबईच्या कुर्ल्यात सापडते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी करार करून तिने डॉज, प्लिमथ व डिसोटो या नावांची वाहने भारतात जोडली. पुढे १९६० च्या दशकात ज्या दणकट इंजिनाच्या ‘मसल कार’ अमेरिकेत गाजल्या, त्यांतील कित्येक याच डॉज व प्लिमथ नावांच्या होत्या. पाँटियाकची १९६४ ची जीटीओ ही त्या प्रकारातील पहिली मोटार मानली जाते.

कुर्ल्याची वाट मात्र इटलीच्या फियाटकडे वळली. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७२ च्या सुमारास तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७४ मध्ये नोंदलेल्या पद्मिनी २०२४ पासून पन्नाशी ओलांडू लागल्या. मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हापासून या गाडीविषयीचे कुतूहल आणखी वाढले आहे.

नावांचा हा क्रम पारखीत उपयोगी पडतो. १९६६ च्या गाडीच्या स्टिअरिंगवर ‘प्रीमियर’चा बिल्ला दिसला किंवा १९८० च्या गाडीवर ‘फियाट’चा दिसला, तर तो भाग नंतर बसवला असल्याची शंका घ्यावी. मात्र नाव बदलण्याच्या सुमारास शिल्लक साठा वापरला गेला असण्याची शक्यता ध्यानात घेऊन एका बिल्ल्यावरून निकाल देऊ नये.

पारखीची पहिली कसोटी : तारीख

जगभरातील जाणकार एक साधा नियम पाळतात. भाग गाडीच्या आधी तयार झालेला असला पाहिजे आणि फार आधीही नसावा. मीटरच्या पाठीमागे, प्लास्टिकच्या पट्टीच्या आतल्या अंगाला किंवा वायरिंगच्या चिठ्ठीवर पुष्कळदा महिना-वर्षाचा ठसा असतो. काही प्लास्टिकच्या भागांवर वर्तुळात बाण आणि आकडे असलेली खूण आढळते. गाडी मार्च महिन्यात बनली असेल आणि मीटर त्याआधीच्या नोव्हेंबरचा असेल, तर हिशेब जुळतो. तोच मीटर गाडीनंतरच्या वर्षाचा असेल, तर तो नक्कीच बदललेला आहे. ठसा नसणे हा पुरावा नव्हे, चुकीचा ठसा असणे हा पुरावा आहे.

अमेरिकी मसल कारमध्ये वाद होतो तो जादा काट्यांवरून. टॅकोमीटर किंवा स्पर्धेच्या थाटाचा मीटरसंच त्या काळी जादा पैसे मोजून घ्यावा लागे. आज साध्या गाडीत तो संच बसवून तिला महागड्या प्रकारात खपवण्याचे प्रकार होतात. तेथे बॉडीवरील धातूच्या पट्टीवरचे सांकेतिक अंक आणि आसनाखाली क्वचित सापडणारा कारखान्याचा कागद यांच्याशी डॅशबोर्ड पडताळतात. आपल्याकडे असा कागद मिळत नाही. त्यामुळे आरसी बुक, मूळ विक्रीची पावती, विम्याचे जुने कागद आणि घरातील छायाचित्रे यांना महत्त्व येते. दसऱ्याला हार घातलेल्या गाडीचे जुने छायाचित्र हा उत्तम पुरावा ठरू शकतो.

दुसरी कसोटी : पत्रा, रंग आणि भोके

पोलादी पत्र्याच्या डॅशबोर्डवर वरचा रंग कितीही नवा असला, तरी ग्लोव्ह बॉक्सच्या आत, मीटरच्या मागे आणि स्टिअरिंगच्या कंसाखाली पहिला रंग टिकून असतो. विजेरी लावून तो पाहावा. खासगी म्हणून विकल्या जाणाऱ्या पद्मिनीत तेथे काळ्या-पिवळ्याचे अवशेष दिसले, तर ती टॅक्सी होती हे उघड होते.

भोके मोजावीत. कारखान्यात पाडलेल्या भोकाची कड सुबक असते व तिच्यावर रंग बसलेला असतो. ड्रिलने नंतर पाडलेल्या भोकाची कड खरबरीत असते आणि तेथूनच गंज सुरू होतो. पंखा, रेडिओ, टेप, जादा बटणे यांसाठी पाडलेली भोके जुन्या गाड्यांत सर्रास आढळतात.

स्क्रूंचीही भाषा असते. इटालियन घराण्याच्या फियाटमध्ये मेट्रिक आटे असतात, तर अमेरिकी जीपमध्ये इंची आटे. मीटर धरून ठेवणारा बोल्ट भलत्याच पान्याने उघडत असेल किंवा त्याचे डोके झिजलेले असेल, तर ‘स्क्रू उघडलेला नाही’ हा दावा तेथेच संपतो.

तिसरी कसोटी : किलोमीटरचा आकडा

जुन्या स्पीडोमीटरला गिअरबॉक्सकडून येणारी केबल फिरवते. ती एक चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो आणि केसासारखी स्प्रिंग काट्याला आवर घालते. अंतराच्या चकत्या त्याच केबलवर दातेरी चाकांनी सरकतात. केबल तुटली की गाडी धावते, पण आकडा थांबतो. पाच अंकी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. त्यामुळे ४० हजारांचा आकडा १ लाख ४० हजारांचाही असू शकतो. आकडे एका ओळीत नसतील किंवा चकत्यांवर ओरखडे असतील, तर मीटर उघडला गेल्याचा संशय घ्यावा. पेडलच्या रबराची आणि स्टिअरिंगची झीज आकड्याशी ताडून पाहावी.

जीपच्या बाबतीत सावधानता

मराठवाड्यात जीपचे नाते जुने आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली. मात्र ‘दुसऱ्या महायुद्धातली जीप’ म्हणून जी गाडी दाखवली जाते, ती नंतरची महिंद्र असू शकते. उंच बॉनेटची सीजे ३ बी युद्धकाळातील नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे.

युद्धकाळातील जीपच्या डॅशबोर्डवर पाच गोल मीटर असत : वेग, पेट्रोल, ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान आणि करंट. वेगाचा मीटर ६० मैलांपर्यंतचा असे. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर सूचनांच्या तीन पट्ट्या असत. फोर्डने बनवलेल्या जीपच्या असंख्य भागांवर, बोल्टवरसुद्धा, फोर्डचे ‘एफ’ हे अक्षर उठवलेले असे. १९४४ ची म्हणून दाखवलेल्या जीपमध्ये किलोमीटरचा स्पीडोमीटर असेल, तर तो मूळ नाही. भारतात दशमान मापांचा कायदाच १९५६ चा आहे. या जीपची वीजयंत्रणा ६ व्होल्टची होती. ती १२ व्होल्टवर नेताना मूळ पेट्रोलचा काटा जळतो आणि बदलला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

मूळ, जुना साठा की नक्कल?

भागांचे चार वर्ग करावेत. गाडीबरोबर आलेला तो मूळ. त्याच काळात बनलेला, पण पेटीत पडून राहिलेला तो जुन्या साठ्यातील. मूळ भाग दुरुस्त केलेला असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. आज नव्याने बनवलेली ती नक्कल. मुंबईतील चोरबाजार आणि कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हे चारही प्रकार शेजारीशेजारी मिळू शकतात. नकलेचे प्लास्टिक हलके असते, अक्षरांची जाडी वेगळी असते, काचेला पिवळेपणा नसतो. एकच मीटर लख्ख आणि बाकीचे फिकट असतील, तर कारण विचारावे.

नक्कल बसवणे हा गुन्हा नाही. नकलेला मूळ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. ८० वर्षांच्या गाडीत काही भाग बदललेले असणारच. विकणाऱ्याने ते लिहून द्यावेत व घेणाऱ्याने ते लिहून मागावेत. काढलेला मूळ भाग फुटका असला, तरी गाडीसोबत द्यावा.

जालन्याचे पोलाद कारखाने भंगार वितळवून सळ्या बनवतात. भट्टीला मूळ आणि नक्कल यांतील फरक कळत नाही. तो फरक गाडी भंगारात देण्यापूर्वी घरच्यांनीच पाहिला पाहिजे. त्यासाठी एक विजेरी, एक आरसा आणि अर्धा तास पुरेसा आहे.