निमआरामाचं कूळ

रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीत बॉयलरवर उभी हयात काढलेले आमचे शेजारी काका परवा मोबाइल नाचवतच आले. मुलगी लंडनला, तिला बाळ झालेलं, काका-काकूंना बोलावणं आलेलं. स्क्रीनवर एकाच विमानाचे दोन दर आणि दोन्हींत चांगलंच अंतर.

"ही प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे काय रे?"

मी सांगायला लागलो. पाय पसरायला थोडी जास्त जागा, पाठ थोडी जास्त मागे जाते, जेवण जरा बरं, पण बिझनेससारखं आडवं नाही होता येत. काकांनी मला हातानेच थांबवलं.

"कळलं. एशियाड."

यापेक्षा नेमकी व्याख्या माझ्या वाचनात नाही. 1982 साली दिल्लीत आशियाई खेळ झाले. त्या निमित्ताने आलेल्या गाड्यांपैकी काही एसटीकडे आल्या आणि दादर-पुणे मार्गावर धावू लागल्या. लाल गाडीत एका बाजूला तिघं, दुसऱ्या बाजूला दोघं. इथे दोन्हीकडे दोघंच, आणि पाठ मागे रेलणारी. लोकांनी स्पर्धेचंच नाव गाडीला लावलं. एसटीच्या कागदोपत्री मात्र तिचं नाव 'निमआराम'. पुढे तिला 'हिरकणी' म्हणू लागले. आमच्याच जिल्ह्यातल्या रायगडाचा कडा रात्री एकटीने उतरून गेलेल्या बाईचं नाव नेमकं अर्ध्या आरामाच्या गाडीला का दिलं, हे ते देणाऱ्यालाच ठाऊक. पण 'निमआराम' हा शब्द ज्या कारकुनाने काढला त्याला माझा नमस्कार. पूर्ण आराम देतो असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

ही मधली पायरी मात्र एसटीने शोधलेली नाही. तिचं कूळ रेल्वेत सापडतं, आणि ते फारसं सोज्वळ नाही.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, ती जीआयपी रेल्वेची. याच कंपनीने 1870 च्या दशकात तिसऱ्या वर्गाच्याही खाली चौथा वर्ग काढला. त्यात बाकंच नव्हती. माणसं उभी राहत नाहीतर फरशीवर बसत. पुढच्या दशकात ओरड झाल्यावर त्यात बाकं आली आणि त्याला 'तिसरा' म्हणू लागले. मग आधीच्या तिसऱ्याचं काय? तो झाला 'इंटर'. म्हणजे बसायचं बाक तेच, पाटी नवी आणि भाडं चढं. आपल्याकडच्या मधल्या वर्गाचा जन्म हा असा आहे. वरचं काही खाली आलेलं नाही. खाली एक खड्डा खणला, तेव्हा जुनी जमीनच उंच दिसू लागली.

झ्यूल द्युप्युई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1849 मध्येच हे लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं. छपराला असा कितीसा खर्च येणार? पण छप्पर घातलं तर दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाराही तिसऱ्यात येऊन बसेल. गरिबाला भिजवायचं ते गरिबावरच्या रागाने नव्हे, तर त्याच्या शेजारच्या बऱ्या स्थितीतल्या माणसाला घाबरवायला. ब्रिटनमध्ये 1844 साली कायदाच करावा लागला, तेव्हा कुठे रोजच्या निदान एका गाडीत तिसऱ्या वर्गाला छप्पर मिळालं.

पाट्या बदलण्याचा खेळ स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. 1955 मध्ये जुना पहिला वर्ग गेला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले आणि इंटरला दुसरा. 1974 मध्ये तिसरा वर्गही 'दुसरा' झाला. लाकडाची फळी मात्र फळीच राहिली. ती बदलली कोकणातल्या माणसाने. राजापूरचे खासदार मधु दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घालायला लावला. त्याच वर्षी 26 डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तीही एकाच वर्गाची. या सगळ्या कुळकथेत खालची पायरी वर उचलणारा एवढा एकच प्रसंग मला सापडतो. आमच्या रोह्याला गाडी आली 1986 साली, आणि दंडवत्यांनी जिचा पाठपुरावा केला त्या कोकण रेल्वेची हद्द सुरू होते तीही रोह्यापासूनच. म्हणून त्यांच्याबद्दल मी जरा पक्षपाती असेन, तर असू द्या.

विमानांनी रेल्वेचाच कित्ता गिरवला. 8 जून 1948 ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनीव्हामार्गे लंडनला उडालं, तेव्हा विमानप्रवास ही सरळ श्रीमंतांची चैन होती. अटलांटिकवर 1952 मध्ये स्वस्त 'टुरिस्ट' वर्ग आला, 1958 मध्ये त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी'. इकॉनॉमीत गरम जेवण द्यायचं नाही, फक्त सँडविच, असा कंपन्यांनी आपसात नियम केला. स्कँडिनेव्हियन कंपनीने पावाच्या एका कापावर एवढे पदार्थ रचले की अमेरिकन कंपनीने तक्रार केली आणि दंड वसूल झाला. खालच्याला बरं जेवायला मिळालं म्हणून दंड! द्युप्युईला हे ऐकून नवल वाटलं नसतं.

1970 च्या दशकात सवलतीची तिकिटं वाढली. पूर्ण भाडं भरणारे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी पडदा ओढून बिझनेस क्लास झाला. त्या क्लासच्या खुर्च्यांचे पुढे पलंग झाले, भाडं आकाशाला भिडलं आणि मध्ये पुन्हा पोकळी पडली. ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तैवानच्या ईव्हा एअरने आणि ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकने भरली. व्हर्जिनने 1992 मध्ये या वर्गाला नाव दिलं 'मिड क्लास', म्हणजे चक्क इंटर. आपल्याकडे हा वर्ग आणला 'विस्तारा' या विमान कंपनीने, जानेवारी 2015 पासून. ती कंपनी नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली.

आता काकांचा प्रश्न. मी त्यांना वीत ठेवायला सांगितली. खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचं अंतर इकॉनॉमीत साधारण 31 इंच असतं, लांब पल्ल्याच्या प्रीमियममध्ये 38 च्या आसपास. फरक सात इंचांचा, म्हणजे वीतभरही नाही. पण गुडघ्यांना तो कळतो, आणि साठीच्या गुडघ्यांना फारच कळतो. शिवाय मोठ्या विमानात आडव्या रांगेत नऊ-दहाऐवजी सात-आठच माणसं, त्यामुळे कोपराला कोपर लागत नाही.

देशांतर्गत छोट्या विमानात गोष्ट वेगळी. तिथे प्रीमियममध्येही बहुधा तीन-तीनचीच रांग असते आणि जास्तीची जागा मोजक्याच इंचांची. 1958 मध्ये साध्या इकॉनॉमीला जेवढी जागा मिळायची, जवळपास तेवढीच आज प्रीमियम म्हणून परत विकली जाते. जीआयपीचा इंटर, दुसरं काय.

"म्हणजे घेऊ की नको?" काका म्हणाले.

"जाताना दिवसाचं विमान आहे, काका. इकॉनॉमी घ्या, मधून मधून उठून फिरा. येताना रात्रीचं आहे, झोप लागेल, तेव्हा दोघांचं प्रीमियम घ्या. आणि दिल्लीत विमान बदलायचं असेल तर दिल्ली-मुंबईसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका."

काकांनी तसंच केलं. तुम्हीही तिकीट काढाल तेव्हा दर बघण्याआधी विमान कोणतं आहे आणि एका रांगेत किती खुर्च्या आहेत, तेवढं बघून घ्या.