गोधडी : कापसाच्या प्रदेशातील जुन्या कापडाचा इतिहास

(१/१३)
बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की जिल्ह्याच्या सीमेजवळ धाड हे गाव लागते. भोवती काळी जमीन आणि कापसाची शेते. जुन्या साडीची उशी, पिशवी वा जाकीट करण्याचे धडे आज समाजमाध्यमांवर उत्साहाने दिले जातात. या परिसरातील घरांत ती विद्या गोधडीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या नांदली. मग प्रश्न असा : ज्या वऱ्हाडाने जगाला कापूस पुरवला, त्याच वऱ्हाडातील बायकांना चिंधी न् चिंधी का जपावी लागली? आजचा धागा त्याविषयी.

(२/१३)
प्रथम शब्द पाहू. ठिगळे जोडून केलेल्या वस्त्रास संस्कृतात ‘कंथा’ म्हणतात. बंगालच्या ‘कांथा’चे नाते त्याच शब्दाशी जोडले जाते. आपल्याकडे गोधडी आणि वाकळ हे शब्द रुळले. दुपटे आणि कुंची ही याच कुळातील धाकटी भावंडे. तीही घरीच, हाताशी असलेल्या मऊ कापडातून शिवली जात.

(३/१३)
ठिगळांना एके काळी धर्माची प्रतिष्ठा होती. धाडच्या वायव्येस अजिंठ्याची लेणी आहेत. तेथे वास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच शिवलेले असे. मगधातील शेते आणि त्यांचे बांध दाखवून, तशा आखणीचे चीवर करण्यास बुद्धांनी आनंदाला सांगितले, असे विनयपिटकातील महावग्गात येते. कापड फाडून जोडले की त्याचे बाजारमूल्य उतरते, आणि मोहही.

(४/१३)
परंतु भिक्षूचे चीवर आणि गृहिणीची गोधडी यांत एक मूलभूत भेद आहे. भिक्षूने अभाव स्वेच्छेने पत्करला होता. गृहिणीच्या वाट्याला तो न मागता आला. एकाची ठिगळे व्रत ठरली आणि ग्रंथांत नोंदली गेली. दुसरीची ठिगळे हे घरकाम ठरले, म्हणून त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

(५/१३)
आता गोधडीचे गणित. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सुमारे ८.२ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की प्रत्येक थर दोन मीटरांहून किंचित अधिक लांबीचा होतो, म्हणजे माणसाच्या अंथरुणाएवढा. पन्हा अपुरा पडला तर दुसऱ्या लुगड्याची पट्टी जोडायची. धोतर, सदरा, परकर यांचे उरलेले तुकडे आत भरायचे, आणि त्यांतल्या त्यात धड कापड वरच्या बाजूस घ्यायचे.

(६/१३)
मग शिवण. थर आधी कच्च्या टाक्यांनी बसवायचे. पुढे कडेपासून आत, चौकटीत चौकट घालीत धावदोरा भरायचा. टाके जवळजवळ असले की आतले तुकडे गोळा होत नाहीत. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. जुनेच कापड का? वारंवार धुण्याने त्यातील खळ निघून जाते, ते मऊ होते आणि अनेक थरांतून सुई सहज पार होते. गरजेने निवडलेली वस्तू येथे गुणानेही सरस ठरली.

(७/१३)
आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. शेजारचे भोकरदन मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच राहिले. त्यामुळे धाडचा परिसर दोन राजवटींच्या सीमेवर आला. इंग्रजांना वऱ्हाड हवा होता त्यामागे येथील कापूस हे एक मोठे कारण होते.

(८/१३)
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर भारताकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये केवळ कापसाच्या सोयीसाठी खामगावला स्वतंत्र फाटा मिळाला. त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते.

(९/१३)
लोहमार्गाने कापूस बाहेर गेला आणि त्याच मार्गाने गिरणीचे कापड आत आले. हातमागाचे जाड कापड मागे पडू लागले. विलायती आणि पुढे मुंबई-नागपूरच्या गिरण्यांचे कापड बाजारात स्थिरावले. आज ‘पारंपरिक’ म्हणून आपण जी रंगीबेरंगी गोधडी ओळखतो, तिच्यातील छापील चिटे बहुतांशी या गिरणीयुगाची देणगी होत. शेतात पिकलेला कापूस शेतकऱ्याच्या घरी परतला तो पैसे मोजून घेतलेल्या कापडाच्या रूपाने. म्हणूनच ते फाटल्यावरही टाकून देणे परवडत नसे.

(१०/१३)
दुसऱ्या महायुद्धात ही चणचण टोकास गेली. सैन्याची मागणी वाढली, भाव भडकले आणि १९४३ मध्ये सरकारला कापड व सूत यांवर नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. अशा दिवसांत गोधडी हीच घराची शिल्लक ठरते : आज लुगडे, उद्या दुपटे, परवा गोधडीतील एक थर.

(११/१३)
याच वऱ्हाडातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी चिंध्यांचा वेश अंगीकारला. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा अशा नावांनी ओळखत. ज्या ठिगळांची गरिबांना लाज वाटावी, तीच अंगावर घेऊन ते कीर्तनाला उभे राहिले. भिक्षूची कंथा आणि कुणब्याच्या घरची वाकळ यांतील अंतर त्यांनी आपल्या अंगावर मिटवले.

(१२/१३)
तरीही गोधडीचा इतिहास लिहिणे कठीण आहे. पितळेचा दिवा वा अडकित्ता शतके टिकतो आणि संग्रहालयात जातो. गोधडी विरली की नव्या गोधडीच्या पोटात भरली जाते. म्हणजे ती स्वतःचाच पुरावा संपवते. पुढे न विरणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या. त्या घाम शोषत नाहीत, सुती लुगड्यासारख्या मऊही पडत नाहीत. गोधडीचा कच्चा माल असा आटला, आणि दुकानातील स्वस्त ब्लँकेटने उरलेले काम केले.

(१३/१३)
आज गोधडी शहरी दालनांत शोभेची वस्तू म्हणून परतली आहे. त्यात वाईट काही नाही. शिवणारीला योग्य मोल मिळाले तर उत्तमच. मात्र तिला केवळ ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणे अपुरे आहे, कारण त्या घरांत कापड कधी टाकाऊ नव्हतेच. आपल्या घरी जुनी गोधडी असेल तर एक करावे : कोणते ठिगळ कोणाच्या लुगड्याचे, हे घरातील वडीलधाऱ्या बाईंना विचारून लिहून ठेवावे, आणि गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव टाक्यांनी घालावे. इतक्या शतकांत राहून गेलेली नोंद तेवढ्याने तरी सुरू होईल.