शंभर प्रतींचा अल्बम

२०१२ चा डिसेंबर संपता संपता युरोपातल्या मोजक्या दुकानांत बॉब डिलनचा एक नवीन अल्बम येऊन पडला. जाहिरात नाही, मुलाखत नाही, पोस्टर नाही. चार सीडी, त्याही आपण घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचो तसल्या कोऱ्या सीडीवर उतरवलेल्या, आणि साधंसुधं कव्हर. प्रती किती? साधारण १००. शंभर हजार नाही हं, नुसत्या शंभर. आणि नावातच लिहिलेलं होतं की हा 'कॉपीराइट एक्स्टेन्शन कलेक्शन' आहे, म्हणजे कॉपीराइट लांबवण्यासाठी काढलेला संग्रह. इतकं खरं बोलणारं नाव मी तरी दुसऱ्या कुठल्या अल्बमला बघितलेलं नाही.

आत काय होतं? १९६२ सालची, डिलन विशी-एकविशीत असतानाची रेकॉर्डिंग. स्टुडिओत गाऊन बाजूला ठेवलेली, कॉफीहाऊसमध्ये कुणीतरी टेप केलेली. चाहते ज्या गोष्टीची पन्नास वर्षं वाट बघत होते ती अखेर अधिकृतपणे आली आणि अख्ख्या जगात शंभर जणांच्या हाती लागली.

हे असं का झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. आणि हे फक्त गाण्याबिण्याबद्दल नाही, कायद्याबद्दल आहे, म्हणूनच इथे लिहितोय.

आधी डेमो म्हणजे काय ते बघू. मिनेसोटाहून डिलन १९६१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला आला, पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याची पहिली एलपी निघाली. ती फारशी खपली नाही. पण त्या काळात पैसा एलपीत कमी आणि गाणं दुसऱ्या गायकाला विकण्यात जास्त होता. त्यासाठी संगीत प्रकाशक असत. आधी लीड्स म्युझिक, मग विटमार्क अँड सन्स या कंपन्यांनी त्याची गाणी घेतली. पद्धत अशी: पोरगा ऑफिसातल्या छोट्या खोलीत गिटार घेऊन बसणार, गाणं एकदा गाऊन टाकणार, ते टेप होणार. मग त्यावरून एक माणूस नोटेशन लिहून काढणार आणि चार तबकड्या कापून गायकांकडे पाठवल्या जाणार. थोडक्यात, विक्रेत्याच्या पिशवीतला नमुना. 'ब्लोइंग इन द विंड' घराघरांत पोचलं ते १९६३ मध्ये पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाच्या आवाजात.

त्यामुळे या टेप कुणी जपून वगैरे ऐकाव्यात असं गाणाऱ्याला वाटलंच नव्हतं. त्यात तो खोकतो, दार आपटल्याचा आवाज येतो. एका गाण्यात मध्येच थांबतो, कारण ते फार लांब आहे आणि गाऊन गाऊन त्याला कंटाळा आलाय. नेमकं हेच चाहत्यांना हवं होतं. दगडावर छिन्नी चालू असतानाचा आवाज. या डेमो टेप अधिकृतपणे यायला २०१० चा ऑक्टोबर उजाडला. ४७ गाणी, त्यातली १५ तोपर्यंत डिलनच्या आवाजात कुठेच अधिकृतपणे निघालेली नव्हती.

मधली जवळजवळ पन्नास वर्षं लोक गप्प बसले होते का? अजिबात नाही. खरा इतिहास तिथेच आहे.

१९६६ च्या जुलैमध्ये वुडस्टॉकजवळ डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला आणि तो लोकांसमोर यायचा बंद झाला. १९६७ मध्ये त्याने आपल्या साथीदारांबरोबर, जे पुढे 'द बँड' म्हणून गाजले, आधी स्वतःच्या घरी आणि मग जवळच्या वेस्ट सॉगर्टीजमधल्या एका गुलाबी घराच्या तळघरात गाणी रेकॉर्ड करायला घेतली. ऑर्गन वाजवणारा गार्थ हडसन हाच टेपरेकॉर्डरही सांभाळायचा. शंभराहून जास्त गाणी झाली. (जाता जाता: त्याच वर्षी बंगालचे पूर्णदास बाउल आणि त्यांचे भाऊ लक्ष्मणदास वुडस्टॉकला पाहुणे होते. डिलनच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग'च्या कव्हरवर त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत ते हेच दोघे. हडसनने त्यांचंही गाणं त्या गुलाबी घरात टेप केलं आणि त्याची वेगळी एलपी निघाली.)

त्या शंभरातली १४ गाणी नेहमीप्रमाणे डेमो म्हणून इतर गायकांकडे गेली. मॅनफ्रेड मान या ब्रिटिश बँडने त्यातलं 'द माइटी क्विन' घेतलं आणि १९६८ च्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. आता लोकांच्या लक्षात आलं की कुठेतरी एक अख्खा अल्बम पडून आहे आणि तो आपल्याला ऐकू देत नाहीयेत. त्या जूनमध्ये 'रोलिंग स्टोन'ने पहिल्या पानावर सरळ मागणीच केली की डिलनची ही तळघरातली टेप प्रसिद्ध झाली पाहिजे. कंपनी ढिम्म.

मग व्हायचं ते झालं. १९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या दुकानांत एक पांढरंफटक पाकीट आलं. आत दोन तबकड्या, बाहेर गायकाचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही. नंतरच्या प्रतींवर रबरी शिक्का आला, 'ग्रेट व्हाइट वंडर'. रॉक संगीतातली पहिली गाजलेली बूटलेग, म्हणजे चोरटी तबकडी. तीत तळघरातली सात गाणी होती आणि त्याहून जुनी, १९६१ च्या डिसेंबरमध्ये मिनियापोलिसमध्ये टेप केलेली बरीच होती. त्या जुन्या टेपला अजूनही 'हॉटेल टेप' म्हणतात. हॉटेल कसलं, एका मैत्रिणीची खोली होती ती.

हे लोक पकडले कसे गेले नाहीत? कारण ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत तेव्हा ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइटच नव्हता. गाण्याच्या शब्दांना आणि चालीला होता, टेपवरच्या आवाजाला नव्हता. तो मिळाला १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या रेकॉर्डिंगना. मधल्या फटीत चोरट्यांनी धंदा करून घेतला.

त्यांना मी क्रांतिकारक वगैरे म्हणणार नाही. त्यांनी पैसे कमावले आणि ज्याचा आवाज विकला त्याला दमडी दिली नाही. पण त्यांच्यामागून जे आले ते वेगळे होते. कॅसेट आल्यावर हजारो लोकांनी एकमेकांना पोस्टाने टेप पाठवायला सुरुवात केली. नियम एकच, विकायचं नाही, बदल्यात टेप द्यायची. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी, दहाव्या हाताला पोचेपर्यंत आवाज विहिरीतून आल्यासारखा. तरी माणसं कान लावून बसायची. कुठलं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं, मागे कोण वाजवतंय, याच्या याद्या त्यांनी केल्या. कंपनीचे लोक हा माल 'जुना, निरुपयोगी' म्हणून कपाटात ठेवून बसले होते तेव्हा त्याची वहीखात्यात नोंद ठेवणारे हे बिनपगारी लोक होते.

कंपनी हलली ती १९७५ मध्ये. 'द बेसमेंट टेप्स' नावाने २४ गाणी आली, त्यातली आठ तर डिलन नसलेली, नुसत्या बँडची, आणि मूळ टेपवर नंतर वाद्यं चढवलेली. अल्बम खपतोय हे ऐकून डिलनलाच नवल वाटलं म्हणतात, त्याला वाटत होतं ही गाणी एव्हाना सगळ्यांकडे असतीलच. पुढे १९९१ मध्ये कंपनीने ५८ रेकॉर्डिंगचा संच काढला आणि मालिकेला नाव दिलं 'द बूटलेग सीरिज'. चोराचं नाव साहेबाच्या पाटीवर. असो.

आता कायद्याकडे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वर्षं टिकायचा. पन्नाशीतली गाणी मोकळी व्हायला लागली तशी रेकॉर्ड कंपन्या आणि जुने गायक हवालदिल झाले. मोहिमेचा चेहरा होता क्लिफ रिचर्ड, जो जन्माने आपल्या लखनौचा. ब्रिटिश सरकारने अँड्र्यू गॉवर्स यांच्याकडून अहवाल करून घेतला, त्यांनी २००६ मध्ये स्पष्ट सांगितलं की ५० पुरेत, वाढवू नका. तरी २०११ मध्ये युरोपीय संघाने मुदत ७० वर्षं केली. म्हातारपणी साथीच्या वादकांना चार पैसे मिळावेत हे कारण पुढे केलं, आणि त्यांच्यासाठी वाढीव वर्षांच्या उत्पन्नातले २० टक्के बाजूला ठेवायची तरतूदही केली. गंमत म्हणजे कायदा लागू होईपर्यंत क्लिफचं स्वतःचं १९५८ चं पहिलं हिट गाणं हातातून निसटलंच होतं, आणि एकदा मोकळं झालेलं परत बांधता येणार नव्हतं.

पण जी रेकॉर्डिंग कधी प्रसिद्धच झाली नाहीत त्यांचं काय? त्यांना ही वाढ नाही. पन्नास वर्षांत काढलीत तर काढल्यापासून पुढे सत्तर वर्षं तुमची, नाही काढलीत तर सगळ्यांची. १९६२ च्या टेपचं घड्याळ ३१ डिसेंबर २०१२ ला थांबणार होतं. म्हणून ते शंभर संच. शंभर प्रती काढल्या की झाली 'प्रसिद्धी', आणि हक्क थेट २०८२ पर्यंत. पैसे कमवायला हे केलेलं नाही असं कंपनीनेच सांगितलं, आणि ते खरं आहे. लोकांनी ऐकावं म्हणूनही केलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी १९६३ च्या सहा एलपी, पुन्हा १०० प्रती. त्याच डिसेंबरमध्ये बीटल्सची ५९ रेकॉर्डिंग आयट्यून्सवर आली. २०१४ मध्ये डिलनच्या १९६४ च्या नऊ एलपी, या वेळी १००० प्रती. चाहत्यांना वेळापत्रकच पाठ झालं. नोव्हेंबर लागला की हिशोब सुरू, यंदा कुठलं साल पन्नास वर्षांचं होतंय, त्या सालात काय काय टेप झालं होतं, कपाटातून काय बाहेर पडेल. कायद्याचं कलम पाठ असलेले गाण्याचे रसिक मी हेच पाहिले.

यात माझं मत सरळ नाही, ते तसंच सांगतो. शंभर प्रती काढून 'प्रसिद्ध केलं' म्हणणं ही कायद्याची थट्टा आहे. जे सगळ्यांचं होणार होतं ते सत्तर वर्षं कुलपात गेलं. पण त्याच कलमाच्या धाकाने कपाटं उघडली हेही नाकारता येत नाही. २०१४ मध्ये तळघरातल्या टेप संपूर्ण आल्या, १३८ रेकॉर्डिंग, वर काहीही न चढवता. २०१५ मध्ये १९६५-६६ च्या स्टुडिओतला अक्षरशः प्रत्येक प्रयत्न १८ सीडींत आला, ५००० संच, एकाची किंमत ६०० डॉलर. एवढे पैसे कुणाकडे, हा प्रश्न आहेच. आणि आणखी एक प्रश्न, जो चाहते विचारत नाहीत. एखाद्याने कंटाळून अर्ध्यात सोडलेलं गाणं, त्याला नको असेल तर आपल्याला ऐकायचा हक्क आहे का? डिलन हयात आहे, त्याच्या नावाने हे निघतं, म्हणजे त्याची हरकत नसावी. मेलेल्यांना तेवढंही विचारता येत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरअखेर बूटलेग सीरिजचा अठरावा खंड आला, १९५६ ते १९६३. सुरुवात होते ती १९५६ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सेंट पॉलच्या वाद्यांच्या दुकानात मित्रांबरोबर गाऊन तबकडीवर उतरवलेल्या गाण्याने. गाणारा १५ वर्षांचा, अजून डिलन झालेला नाही, नुसता रॉबर्ट झिमरमन.

आपल्या कायद्यात, १९५७ च्या कॉपीराइट ॲक्टमध्ये, ध्वनिमुद्रणाची मुदत ६० वर्षं आहे, पण ती मोजायची रेकॉर्डिंग प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून. म्हणजे जे कधी प्रसिद्धच झालं नाही त्याचं घड्याळ सुरूच होत नाही, कपाट उघडायचा धाक कुणालाच नाही. घराघरांत माळ्यावर पडलेल्या मैफलींच्या स्पूल आठवून बघा. तुमच्याकडे असेल एखादी, तर आधी ती उन्हातून आणि ओलीतून बाजूला काढा, खोक्यावर तारीख नि गाणाऱ्याचं नाव लिहा, आणि स्पूल चालवणारं मशीन अजून सुरू असलेला कुणी माहीत असेल तर इथे कळवा.